हाताने केलेली शुभेच्छापत्रं: ठसे, शाई आणि नक्षीचा कागद – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ड बिघडलं की बहुतेक जण म्हणतात, "माझ्या हातातच कला नाही." घरी छोटे वर्ग घ्यायला लागल्यापासून माझं मत उलट होत गेलं आहे. हात सहसा ठीक असतो. शाईचं आणि कागदाचं जमलेलं नसतं. खालचे निम्मे प्रश्न फिरून याच जागी येतात, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत आणि काही दोन ओळींत आटपली आहेत.

सुरुवातीला नेमकं काय विकत घ्यावं?

काळ्या शाईचं एक चांगलं पॅड, एक-दोन ठसे, पांढरी जाड कार्डशीट, कटर, स्टीलची पट्टी आणि डबल साइड टेप. ठसा पारदर्शक असेल तर तो चिकटवायला ॲक्रिलिकचा ठोकळा. एवढ्यात पहिली वीस कार्डं आरामात होतात. रंगीत पॅडचा मोठा संच पाहून मन सुटतं हे मला माहीत आहे, माझ्याकडेही एक पडून आहे. त्यातले पाच रंग वापरून झिजले, बाकीचे अजून नवे कोरे आहेत.

शक्य असेल तर कागद तरी दुकानात जाऊन घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, नाहीतर गावातलं शाळेच्या सामानाचं जुनं दुकान. तिथे कागद बोटांत धरून वाकवून बघता येतो. फोटोत जाडी दिसत नाही.

'कार्डशीट' मागितली की दुकानदार दहा प्रकार पुढे टाकतो. कोणती निवडायची?

जीएसएम विचारा. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. ज्याची घडी घालून कार्ड उभं राहणार तो २५० ते ३०० चा हवा. त्यावर चिकटवायच्या थरांना १८० ते २२० पुरतो. नक्षीचा कागद १२० चा असला तरी भागतं, कारण त्याला कुठे उभं राहायचंय?

पृष्ठभाग गुळगुळीत हवा, पण चकचकीत नको. आयव्हरी शीट ठशांना चांगली. घोटीव कागद रंगाने भुरळ घालतो, पण त्याच्या घोटलेल्या बाजूत शाई मुरत नाही. ठसा उमटतो आणि बोट लागताच पसरतो. जलरंगाचा खरखरीत कागद रंगवायला सुरेख, पण बारीक रेषांचा ठसा त्याच्या उंचसखल अंगावर तुटक उठतो.

घडी घातली की जाड कागद तडकतो आणि आतला पांढरा दिसतो. का?

कागदाचे तंतू कारखान्यातच एका दिशेने बसलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात. दिशा ओळखायची सोपी रीत अशी: शीट न मोडता आधी लांबीकडून, मग रुंदीकडून नुसती वाकवून पाहा. ज्या बाजूने ती कमी कुरकुरत वाकते, वाक पडतो त्या रेषेत तंतू आहेत.

आता ए४ शीटचा हिशेब करू. ती २१ × २९.७ सेंमीची असते आणि बहुतेक वेळा तंतू लांबीच्या दिशेने असतात. शीट उभी चिरून १०.५ सेंमीच्या दोन लांब पट्ट्या केल्यात आणि प्रत्येकीची मध्यावर घडी घातलीत, तर घडी तंतूंना आडवी जाते. त्याऐवजी शीट आडवी कापा, म्हणजे २१ × १४.८५ चे दोन तुकडे मिळतील, आणि १०.५ सेंमीवर घडी घाला. कार्ड तेवढ्याच मापाचं होतं, पण घडी तंतूंच्या बाजूने पडते. कागद तोच, खर्चही तोच.

घडीआधी रेघ दाबून घ्यायची हे विसरू नका. त्यासाठी हाडाची किंवा प्लास्टिकची खास पट्टी मिळते. नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून एकदा जोरात ओढा. जिथे खाच पडली ती बाजू घडीनंतर बाहेर राहिली पाहिजे आणि मागचा उंचवटा आत. नेमकं उलटंच करावंसं वाटतं, म्हणून पहिली घडी रद्दी तुकड्यावर घालून बघा.

डाय शाई आणि पिगमेंट शाई यांत फरक काय? इतक्या शाया लागतातच का?

डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, साखर विरघळावी तसा. कागद पाणी पितो, पाण्याबरोबर रंगही आत मुरतो. म्हणून ही शाई झटपट वाळते, रेषा बारीक येतात आणि रोजच्या कामाला ती सोयीची. पण उजेडात ठेवलेलं कार्ड काही महिन्यांनी फिकं पडू लागतं, आणि गडद कागदावर ती जवळजवळ दिसत नाही.

पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, हळद पाण्यात कालवावी तसे. पाणी आत जातं, कण वर बसून राहतात. त्यामुळे काळ्या किंवा मरून कागदावर पांढरी, सोनेरी अक्षरं हवी असतील तर हीच. वाळायला मात्र तिला वेळ लागतो. माझी पहिली संक्रांतीची कार्डं मी काळ्या घोटीव कागदावर पांढऱ्या पिगमेंट शाईने केली, तासाभराने पाकिटात भरली आणि पाठवली. पोचलेल्या कार्डांवर ठसा कमी आणि धुकं जास्त होतं. वर दोन चुका एकत्र होत्या: न मुरणारा कागद आणि उशिरा वाळणारी शाई.

तिसरी सॉल्व्हंट शाई, म्हणजे पाण्याऐवजी स्पिरिटसारख्या द्रवात केलेली, उदाहरणार्थ स्टेझॉन. ती काच, प्लास्टिक, फॉइल अशा न मुरणाऱ्या पृष्ठभागावरही पक्की बसते. चौथी वर्सामार्कसारखी रंगहीन चिकट शाई. रंगीत कागदावर ती त्याच रंगाची जराशी गडद छटा उमटवते आणि एम्बॉसिंगची, म्हणजे उष्णतेने वितळवून ठसा उठावदार करायची, पावडर धरून ठेवते.

ठसा नंतर रंगवायचा असेल तर एकच प्रश्न विचारायचा: या शाईला कशाची भीती आहे, पाण्याची की स्पिरिटची? अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर पाण्यावर आधारलेली मेमेंटोसारखी डाय शाई घ्या, मार्करने ती हलत नाही. त्याच जागी स्टेझॉन वापरलीत तर काळी रेष विरघळून सगळ्या रंगात मिसळते. जलरंग वापरणार असाल तर उलट: वाळल्यावर पाण्याला न जुमानणारी आर्काइव्हल किंवा सॉल्व्हंट शाई. 'रंग पसरला' या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

डिस्ट्रेस नावाची शाई मुद्दामच पाण्याला घाबरणारी केलेली आहे. पॅड एका प्लास्टिकच्या तुकड्यावर दाबा, वर पाणी शिंपडा, कागद पालथा टेकवून उचला. जे उमटतं ते दुसऱ्यांदा तसंच कधी येत नाही. मला हा प्रकार वेळखाऊ कामातून सुटका म्हणून आवडतो.

ऑफिसचं जांभळं स्टँप पॅड चालेल का?

सरावाला चालेल. कार्डावर नको. ती शाई कडेने फुटते, पाणी लागलं की धावते आणि उन्हात उडते. शिवाय कितीही सुंदर फूल उमटवा, कार्ड तहसील कचेरीतून आल्यासारखं दिसतं.

ठसा मधूनच उमटत नाही, नाहीतर कडेला डाग पडतो. काय चुकतं?

नव्या ठशावर साच्यातून येताना एक तेलकट पापुद्रा राहिलेला असतो, त्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. पांढऱ्या खोडरबराने पृष्ठभाग हलकेच घासा, पुसा, आणि दोन-तीन ठसे रद्दीवर काढा.

मग पद्धत. ठसा पॅडवर आपटायचा ही सरकारी सवय. इथे पॅड उचलून ठशावर हलके टपटप टेकवायचं. शाई कडेच्या सपाट भागावर गेली तर आत्ताच पुसून घ्या. ठसा कागदावर ठेवला की डोलवायचा नाही, सरळ खाली दाबायचा. मोठा ठसा असेल तर उभं राहून, तळहाताने. पारदर्शक ठशाला स्वतःची गादी नसते, त्यामुळे कडक टेबलावर तो हमखास अर्धवट उठतो. कागदाखाली माउसपॅड किंवा वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घाला.

स्टँप प्लॅटफॉर्म नावाचं बिजागरीचं साधन मिळतं. झाकणाला ठसा चिकटतो, झाकण मिटलं की उमटतो, आणि कमी उमटला तर पुन्हा शाई लावून बरोबर त्याच जागी परत उमटवता येतो. महाग वाटत असेल तर जुन्या सीडीची पारदर्शक डबी शोधा. पारदर्शक ठसा झाकणाच्या आतल्या बाजूला नुसता दाबून बसवा, कागद खाली टेपने पक्का करा. लहान तुकड्यांपुरतं हे फुकटचं यंत्र उत्तम चालतं.

रबराचे, पारदर्शक की लाकडी ठसे?

लाल रबराचे सगळ्यात टिकाऊ आणि बारीक तपशील देणारे, पण कुठे उमटणार ते वरून दिसत नाही. पारदर्शक फोटोपॉलिमरचे आरपार दिसतात. शाईने ते डागाळले तरी काम बिघडत नाही. मात्र उन्हात ठेवू नका आणि कडक सॉल्व्हंटने पुसू नका. ओलं फडकं पुरे.

कापडाचे लाकडी ठसे म्हणजे निराळी गंमत. गुजरातेत गांधीनगरजवळच्या पेथापूरचे कारागीर सागवानात ते कोरतात. वापरण्याआधी असे ठसे तेलात मुरवतात, म्हणून पहिले काही ठसे कागदावर तेलाची कडा सोडतात. ते जुन्या वर्तमानपत्रावर जिरवा. कापडाखाली जशी गादी असते तशी कागदाखालीही हवी, आणि शाई पॅडने नाही तर स्पंजने थोपटून लावावी. कागद सांगानेरी साडीसारखा दिसू लागतो.

मराठी मजकुराचे ठसे मिळतात का?

तयार संचांत जवळजवळ सगळं इंग्रजीच असतं. मी बरीच वर्षं इंग्रजी 'हॅपी' कापून टाकून उरलेली फुलं वापरत होते. मग लक्षात आलं की प्रत्येक तालुक्याच्या गावी कोर्टाच्या किंवा बँकेच्या आसपास शिक्के करून देणारा एक तरी माणूस बसलेला असतो, आणि 'सचिव' किंवा 'प्राप्त' लिहून देणारा तो 'तिळगूळ घ्या, गोड बोला' सुद्धा करून देतो.

त्याच्याकडे जाताना मजकूर स्वतः मांडून न्या, पांढऱ्यावर शुद्ध काळा, मोठ्या आकारात. त्याला सांगा की हँडल नको, नुसती पॉलिमरची पट्टी द्या. एकाच शीटमध्ये चार-सहा मजकूर बसतात. घरी आल्यावर कात्रीने सुटे करा आणि ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर लावा. पट्टी नीट चिकटत नसेल तर मागे डबल साइड टेप.

फॉन्ट निवडताना देवनागरीची स्वतःची अडचण लक्षात घ्यायला हवी. इंग्रजी अक्षर एका मजल्याचं. आपलं तीन मजली. वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, मध्ये जोडाक्षर, खाली उकार. अक्षर लहान केलं की ती आतली पोकळी शाईने भरून जाते. माझ्या पहिल्या ठशात 'शुभेच्छा'मधला 'च्छ' म्हणजे निव्वळ काळा ठिपका होता. दोष शिक्केवाल्याचा नव्हता, मीच मजकूर इतका बारीक दिला होता की तीन शब्द दोन सेंमीत कोंबले होते. आता मी शिरोरेखेपासून पायापर्यंत अक्षर निदान पाच मिलिमीटर ठेवते. जाड-बारीक वळणाची बोरूची अक्षरं कागदावर देखणी असतात, पण ठशात बारीक टोकं आधी तुटतात. सारख्या जाडीचं अक्षर बरं.

आणि शुद्धलेखन तीनदा तपासा. 'हार्दीक' असं कोरून आलं की ते प्रत्येक कार्डावर तसंच जाणार, आणि ते आधी दिसणार ते घरातल्या मराठीच्या निवृत्त शिक्षिकेला.

स्वतः ठसा कोरता येतो का?

येतो, आणि मोठ्या खोडरबरावर फार छान येतो. चित्र बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा, कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं आणि छापताना सुलटं होतं. थेट रबरावर लिहून कोरलंत तर 'ग' उजवीकडून सुरू होईल. आधी रेषेबाहेरचा भाग कोरायचा, पातं बाहेरच्या बाजूला तिरकं धरून, म्हणजे रेषेला खाली रुंद पाया राहतो. पातं सरळ धरलं की रेष चार ठशांतच मोडते. अक्षरांपेक्षा कुयरी, कमळ, पणती हे पहिल्यांदा घ्या.

हीट एम्बॉसिंग हेअर ड्रायरने का होत नाही?

कारण ड्रायर जोरात फुंकतो आणि पुरेसा तापत नाही. पावडर वितळायच्या आधी उडून जाते. हीट गन उलट: वारा कमी, उष्णता जास्त.

काम असं: उशिरा वाळणाऱ्या किंवा चिकट शाईने ठसा, वर पावडर, जास्तीची झटकून परत डबीत, मग उष्णता. गन आधी बाजूला दहा सेकंद तापवून घ्या आणि मग कागदापासून काही सेंमीवर धरा. पावडर निस्तेज असते तिथे एकदम चकाकी चढते. ती चढली की पुढे सरका. एकाच जागी रेंगाळलात तर वितळलेली पावडर कागदात जिरते आणि तेलकट डाग राहतो.

ठशाबाहेर पावडरचे कण चिकटतात, ते कागदावरच्या स्थिर विजेमुळे आणि बोटांच्या ओलाव्यामुळे. बाजारात यासाठी छोटी गादी मिळते. मी जुन्या मलमलीच्या तुकड्यात कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी बांधली आहे, शाईआधी कागदावर तीच थोपटते.

गन नसेल तर इस्त्री तापवून कार्डाची पाठ तिच्या तळाला लावतात आणि पावडर समोरून वितळते. होतं, पण बोटं सांभाळा, आणि लहान मुलं आसपास नकोत.

पांढऱ्या कागदावर पांढरी किंवा पारदर्शक पावडर वितळवून वरून शाई चोळलीत, तर एम्बॉस केलेला भाग रंग घेत नाही आणि पांढरा उठून दिसतो. दिवाळीला मी आकाशकंदिलाची कार्डं अशीच करते: कंदील आधी अदृश्य, निळी शाई फिरवली की तो उजळतो.

एकच फुलाचा ठसा आहे. गुच्छ कसा करू?

जे फूल सगळ्यांत पुढे दिसायला हवं ते आधी उमटवा. तोच ठसा चिकट नोटच्या कागदावर, गोंदाची पट्टी मागे येईल असा, उमटवा आणि रेषेवर कापा. हा झाला मुखवटा. तो पहिल्या फुलावर चिकटवा आणि दुसरं फूल थोडं त्याच्यावर येईल असं उमटवा. मुखवटा काढला की दुसरं फूल मागे गेलेलं दिसतं. पुढचं आधी, मागचं नंतर, एवढं एक डोक्यात ठेवायचं. मागच्या पानांसाठी पुन्हा शाई न लावता उरलेल्या शाईचाच दुसरा ठसा काढा. फिका येतो आणि खोली वाढते.

स्पंजने शाई पसरवताना गोल धब्बे पडतात.

पहिला स्पर्श कागदावर करू नका. ब्रश किंवा फोम आधी कागदाबाहेरच्या रद्दीवर फिरवा आणि गोल गोल फिरवतच आत या, हात हलका ठेवून. फिका रंग आधी, गडद नंतर. मेकअपचा दाट केसांचा ब्रश उत्तम. कागदाची लव निघत असेल तर दोष कागदाचा आहे, गुळगुळीत घ्या.

नक्षीचा कागद कापवत नाही. आणि कापला की कार्ड गजबजलेलं दिसतं.

दोन्ही दुखण्यांवर औषध एकच: साडीकडे बघा. काठ आहे, पदर आहे आणि अंग बहुधा शांत आहे. कार्डातही एक नक्षी ठळक, दुसरी बारीक, आणि तिसरी जागा कोरी. मजकुराचा ठसा नेहमी कोऱ्या जागेवर. फुलाफुलांच्या कागदावर उमटवलेल्या शुभेच्छा कुणाला वाचता येत नाहीत.

नक्षीच्या कागदाच्या सहा इंची पॅडचं एक पान सुमारे १५ सेंमीचं असतं. त्याच्या पाच सेंमीच्या तीन पट्ट्या केल्या की तीन कार्डांचे काठ झाले. कार्डापेक्षा प्रत्येक थर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर लहान ठेवा, म्हणजे खालचा रंग बारीक किनारीसारखा दिसतो. नक्षीच्या मागे दिसणार नाही असा मधला भाग आधीच कापून काढा. त्या खिडकीतून निघालेला तुकडा पुढच्या कार्डाला येतो. कंजूषपणा वाटेल, पण महाग कागद असाच पुरवायचा असतो.

उरलेल्या चिंध्यांसाठी माझी आवडती रीत: एकच ठसा पांढऱ्या कागदावर उमटवा आणि तोच दोन-तीन नक्षीच्या तुकड्यांवरही. मग बाईचा ठसा असेल तर साडीचा भाग एका नक्षीतून, पोलक्याचा दुसऱ्या नक्षीतून कापून पांढऱ्या चित्रावर बरोबर त्या जागी चिकटवा. गोधडीच काढायची, फक्त सुईशिवाय.

विकतच्या पॅडवरच अडून बसू नका. बुकबाइंडर वहीच्या आत लावतात तो अबरी, म्हणजे रंगांच्या तरंगांचा कागद, जुन्या लग्नपत्रिकांचे जाड तुकडे, बांधणीच्या नक्षीचे हातकागद हे सगळं चालतं. अबरी ही दख्खनची जुनी ओळख; सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरी वापरून चित्रं केली आहेत. भेटवस्तूचा गुंडाळायचा कागद मात्र पातळ असतो, ओला गोंद लागला की सुरकुततो.

हातकागदावर ठसा फुटतो. वापरूच नये का?

वापरा, पण त्याच्या स्वभावाने. हा कागद बहुतेक सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तो करते. जयपूरजवळ सांगानेरला कागझी घराण्यांचा हा पिढीजात धंदा आहे. त्याला खळ कमी लावलेली असेल तर डाय शाई तंतूंतून पसरते. ठळक चित्राचा ठसा, पिगमेंट शाई आणि जरा जास्त दाब हे जमतं. बारीक मजकूर गुळगुळीत तुकड्यावर उमटवून तो तुकडा वर लावा. कडा कात्रीने कापू नका. पाण्याचा ब्रश रेषेवर फिरवून हळूच फाडा, तंतुमय कडा मिळते.

गोंद कोणता?

सपाट थराला डबल साइड टेप. जागेवर थोडं सरकवून नेमकं बसवायचं असेल तर पांढरा गोंद, पण टाचणीच्या टोकाएवढे थेंब आणि वर जड पुस्तक. उठाव हवा असेल तर फोम टेप. झटपट चिकटणारा इन्स्टंट गोंद कागदाला लावू नका, तो आरपार जाऊन डाग पाडतो.

पावसाळ्यात सगळंच का बिघडतं?

कोकण, गोवा, मुंबई इथल्यांचा हा हक्काचा प्रश्न. कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, म्हणून कडा वळतात. पिगमेंट शाई दोन दिवस ओली राहते. पावडरचे खडे होतात. कागद आडवा, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाका. मी एम्बॉसिंगचं मोठं काम जूनच्या आधी उरकते. ओली शाई घाईने पक्की करायची असेल तर हीट गन दुरून फिरवा.

घरात ठसे नाहीत. तरी काही होईल?

दसऱ्याला आपट्याचं पान घ्या. शिरा उठून दिसतात ती मागची बाजू शाईच्या पॅडवर ठेवून कागदाने दाबा, मग पान कार्डावर ठेवून वर रद्दी कागद घालून बोटाने घासा. सोनेरी पिगमेंट शाईत पानाच्या शिरांसकट ठसा येतो. वाळलेलं पान मोडतं. आदल्या दिवशी तोडलेलं, थोडं मऊ पडलेलं बरं.

रांगोळीची छिद्रांची चाळणी म्हणजे तयार स्टेन्सिल. ती कागदावर धरून जवळजवळ कोरड्या स्पंजने शाई टपटपवा. शाई जास्त झाली तर ठिपके एकमेकांत मिसळतात.

पतंगी कागदाचे तुकडे कार्डशीटवर ठेवून पाणी शिंपडा. रंग उतरतो आणि जलरंगासारखी पार्श्वभूमी तयार होते. वाळल्यावर त्यावर काळा ठसा उमटवा.

पोस्टाने पाठवायचं तर?

हिशेब घाला. आपल्या देशात साध्या पत्राचा दर दर २० ग्रॅमला वाढतो. २५० जीएसएमच्या अर्ध्या ए४ शीटचं वजन जवळजवळ ८ ग्रॅम होतं. वर दोन थर आणि पाकीट धरलं तरी २० च्या आत बसतं. ३०० जीएसएम, भरपूर फोम टेप आणि वर मणी लावले की गेलात पुढच्या टप्प्यात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून बघा.

पाकीट घरी करता येतं. ए४ कागदातून २१ सेंमीचा चौकोन कापा, कार्ड मध्यावर तिरकं ठेवा, चारी कोपरे आत दुमडा. मणी आणि आरसे पाकिटातून उठून दिसत असतील तर पाठीमागे एक जास्त कार्डशीट घाला, नाहीतर शिक्क्यांच्या माऱ्यात चेपतात. पत्ता बॉलपेनने लिहा, डाय शाईच्या पेनाने नको. पावसाचा एक थेंब पुरतो. आणि सहा आकडी पिन कोड लिहा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले संस्कृत कवी होते, एवढ्यासाठी तरी.

संक्रांतीला कार्डाबरोबर हलव्याचे चार दाणे पुडीत घालून पाठवायची जुनी रीत आहे. काटेरी हलवा वाटेत ओलसर होतो आणि पाकिटाला मुंग्या लागतात. मी त्याऐवजी खिडकीचं कार्ड करते: पुढच्या थरात गोल छिद्र, मागे पारदर्शक प्लास्टिक, भोवती फोम टेपची दुहेरी भिंत, आणि आत कोरडे भाजून पूर्ण गार केलेले तीळ. टेपच्या भिंतीला आतून कॉर्नफ्लोअर लावा, नाहीतर तीळ तिथेच चिकटून बसतात. हलवलं की खुळखुळतं.

विकायला सुरुवात करू का?

ठसे ज्या कंपनीचे, तिचे नियम आधी वाचा. पुष्कळशा कंपन्या हाताने उमटवलेली कार्डं विकू देतात, पण ठशाचं चित्र स्कॅन करून छापू देत नाहीत. किंमत ठरवताना कागदाबरोबर वेळही मोजा. दीड तास घालवून तीस रुपयांना दिलेलं कार्ड हा व्यवहार नाही, ती भेट आहे.

लहान मुलांना कधीपासून द्यावं?

चौथ्या-पाचव्या वर्षी भेंडी आडवी कापून द्या, शाळेत आपणही तेच केलं होतं. शाई न देता पातळ पोस्टर रंग बशीतल्या स्पंजवर ओतून द्या, म्हणजे ठसा गचाळ होत नाही. कापलेली भेंडी आधी पाच मिनिटं फडक्यावर पालथी ठेवा, तिचा चिकटपणा निघून जाऊ दे. नाहीतर पाचही पाकळ्या एकमेकींत वाहतात. आणि टेबलावर वर्तमानपत्र घाला, दोन घड्यांचं.